विसार देण्यापूर्वी

बैल घ्यायचा झाला तर आपली माणसे त्याचा जबडा उघडून दात पाहतात, चार पावले चालवून बघतात. जमीन घ्यायची तर एक-चौदाचा उतारा काढतात आणि तो वर वकिलाला दाखवतात. पण जुनी होडी घेण्याची वेळ आली की हीच चोखंदळ माणसे धक्क्यावर उभी राहून तिच्या ताज्या रंगाकडे पाहतात, इंजिनाचा आवाज ऐकतात आणि खिशात हात घालतात. हे आम्ही आमच्याच घरात पाहिले, म्हणून लिहावयास धजत आहोत.

हकिगत २०२२ सालच्या मे महिन्यातली. आमचा भाचा बारदेशच्या किनाऱ्यावर, पर्यटकांना डॉल्फिन दाखवावयास नेणाऱ्या एका बोटीवर सहा वर्षे दुसऱ्याची चाकरी करीत होता. स्वतःची बोट असावी ही त्याची फार दिवसांची इच्छा. नवी परवडण्यासारखी नव्हती. तशात एक नऊ वर्षांची फायबरची बोट विक्रीस असल्याचे त्याच्या कानी आले : लांबी २६ फूट, पिछाडीला टांगलेले पेट्रोलचे इंजिन, किंमत सव्वासहा लाख रुपये. त्यातले दोन लाख भाच्याच्या स्वतःच्या कमाईचे होते. उरलेले आमची अक्का आपल्या मुदत ठेवीतून देणार होती. ही ठेव म्हणजे मेहुण्यांना निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशातला शिल्लक भाग; त्यापलीकडे त्या घरात पुंजी अशी नव्हती.

विकणारे गृहस्थ परिचयाचे, बोलण्यास गोड. पावसाळ्यापूर्वी व्यवहार उरकावा, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, पन्नास हजार विसार द्यावा, असा त्यांचा निरोप होता. अक्का बँकेत जाण्याच्या तयारीत असताना आम्ही सहज विचारले, "कोणा जाणकाराला दाखवलीस का रे बोट?"

"मामा, सहा वर्षे बोटीवरच आहे मी. मला कळत नाही का?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. भरतीच्या तोंडाशी बोट कशी वळवावी हे त्याला आमच्या दसपट कळते. पण चालविणे ही एक विद्या आणि तपासणे ही दुसरी. शिवाय ज्याला एखादी वस्तू मनापासून हवी असते, त्याच्या डोळ्यांना तिचे दोष दिसणे कठीण जाते. ही गोष्ट वधूवरांच्या बाबतीत आपण सर्वांनी अनुभवलेलीच आहे.

"आणि सर्व्हे झालेला आहे तिचा," भाच्याने पुढे सांगितले, "सरकारी कागद आहे."

येथेच बहुतेकांची फसगत होते, म्हणून थोडे थांबून सांगितले पाहिजे. नदी, खाडी वा बंदराच्या आतल्या पाण्यात यंत्रावर चालणाऱ्या नौकांसाठी आपल्या देशात १९१७ पासून कायदा होता. त्याच्या जागी २०२१ साली नवा कायदा झाला. त्याप्रमाणे अशा नौकेची नोंदणी करावी लागते आणि ठरावीक मुदतीने सरकारी सर्व्हेअरकडून तपासणी करून दाखला घ्यावा लागतो. गोव्यात हे काम बंदर कप्तानांच्या खात्याकडे आहे. नौकेत किती उतारू घेता येतील, जीवरक्षक जाकिटे किती हवीत, आग विझविण्याचे साधन आहे की नाही, हे त्या तपासणीत पाहिले जाते. ती नको असे कोणी म्हणणार नाही. वडोदऱ्याच्या वाचकांना १८ जानेवारी २०२४ चा हरणी तलावावरील प्रसंग आम्ही सांगण्याची गरज नाही. सहलीला गेलेली १२ मुले आणि २ शिक्षिका त्या दिवशी बुडाल्या आणि बोटीत क्षमतेहून अधिक माणसे होती.

मात्र सरकारी दाखला हा सरकारने लोकांच्या सुरक्षिततेसाठी, एका विशिष्ट दिवशी केलेल्या पाहणीचा कागद आहे. ही बोट सव्वासहा लाखांच्या लायकीची आहे काय, पुढील तीन वर्षांत तिच्यावर किती खर्च बसेल, या प्रश्नांची उत्तरे त्यात नसतात. ते त्याचे कामच नव्हे. विकणाऱ्यापाशी दुसराही एक कागद होता, दोन वर्षांपूर्वी विम्याच्या निमित्ताने करविलेल्या तपासणीचा. तो विमा कंपनीच्या नावे लिहिलेला होता. त्यातले एखादे वाक्य चुकीचे निघाले तर लिहिणारा विमा कंपनीला जबाबदार. आमच्या भाच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. म्हणून घेणाऱ्याने आपला सर्व्हेअर आपण निवडावा, त्याचे पैसे आपण द्यावेत आणि अहवाल आपल्याच नावे लिहवून घ्यावा. विकणाऱ्याने अथवा दलालाने "माझ्या ओळखीचा माणूस आहे" म्हणून सुचविलेला सर्व्हेअर शक्यतो टाळावा. तो अप्रामाणिक असेलच असे नव्हे; पण पुढची दहा कामे त्याला कोणाकडून मिळणार आहेत, हे तो विसरू शकत नाही.

ही विद्या जुनी आहे. लंडनमध्ये एडवर्ड लॉइड नावाच्या गृहस्थाचे कॉफीगृह होते. तेथे जहाजांचे मालक, व्यापारी आणि विमा उतरविणारे जमत. जहाज डोळ्यांनी न पाहता त्याची जोखीम पत्करणे परवडेना, तेव्हा त्याच मंडळींतून १७६० साली एक संस्था निघाली आणि १७६४ साली जहाजांची पहिली नोंदवही तयार झाली. जहाजाच्या सांगाड्याला अक्षराने आणि साहित्याला दुसऱ्या खुणेने दर्जा देण्याची पद्धत त्यांनी पाडली. पुढे साहित्यासाठी आकडे आले आणि सर्वांत उत्तम जहाजापुढे इंग्रजी 'ए' आणि एकाचा आकडा पडू लागला. आपला भाजीवाला "ए-वन माल आहे, ताई" म्हणतो, ते शब्द या जहाजांच्या वहीतून आलेले आहेत. असो.

सर्व्हेअर शोधण्यात चार दिवस गेले. गोदीत अथवा बंदर खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले, विम्याच्या कामाचा परवाना असलेले, असे लोक आपल्या किनाऱ्यावर आढळतात; पण मोठ्या लोखंडी जहाजांत हयात घालविलेल्या माणसाला २६ फुटी फायबर बोटीची नाडी सापडेलच असे नाही. म्हणून आम्ही प्रत्येकाला एकच विचारले : अशा बोटीचा पूर्वी लिहिलेला एखादा अहवाल, नावे झाकून, दाखवाल काय? एकाने तो आनंदाने दाखविला, त्याला आम्ही बोलावले. मेहनताना पंधरा हजार ठरला. अक्काच्या जिवाला तो लागला. "पंधरा हजार देऊन दोष विकत घ्यायचे?" असे ती म्हणाली, आणि त्या वेळी आम्हांलाही उत्तर सुचले नाही.

बोट पाण्याबाहेर काढून किमान दोन दिवस कोरडी ठेवावी, गोड्या पाण्याने धुवावी आणि त्या दिवशी सकाळी इंजिन मुळीच सुरू करू नये, अशा त्या गृहस्थांच्या अटी होत्या. पाण्यात तरंगणाऱ्या बोटीचा निम्मा भाग दिसतच नाही, तेव्हा पहिली अट उघड होती. धुण्याचे कारण असे की मिठाचा थर ओलावा धरून ठेवतो आणि ओलावा मोजण्याचे यंत्र मग खोटे बोलते. म्हणूनच आषाढात, भर पावसात, अशी तपासणी करू नये. तिसऱ्या अटीचे मर्म आम्हांला किनाऱ्यावर पोहोचल्यावर कळले. सर्व्हेअरने येताच इंजिनावर तळहात ठेवला, क्षणभर थांबला आणि विकणाऱ्याकडे पाहून शांतपणे म्हणाला, "गरम आहे." थंड इंजिन सुरू होताना कुरकुरते, धूर सोडते, आपली व्यथा सांगते, आधीच तापवून ठेवलेले इंजिन शहाण्या मुलासारखे गप्प बसते. मग इंजिन निवेपर्यंत त्याने सांगाड्याचे काम हाती घेतले.

त्याची हत्यारे पाहून भाचा मनातून थोडा हिरमुसला असावा. एक लहान हातोडी, एक विजेरी, दाढीच्या आरशाएवढा आरसा, एक पेचकस, ओलावा मोजण्याचे हातभर यंत्र आणि खडू. हातोडीने तो नाळेपासून पिछाडीपर्यंत बोटाबोटाच्या अंतरावर ठोकत गेला, कान लावून. फायबरची बोट म्हणजे काचेच्या धाग्यांचे थर राळेसारख्या रसायनात बुडवून एकावर एक चिकटविलेले. वर जेलकोट नावाची गुळगुळीत कातडी. थर एकजीव असतील तोवर आवाज टणक येतो. थर आतून सुटले असतील किंवा पाणी मुरले असेल तर आवाज बसका येतो, पिकलेला फणस आणि कच्चा फणस यांत आपल्याकडच्या बायका ओळखतात तसा. जेथे आवाज बदलला तेथे तो खडूने वर्तुळ काढी.

तळाशी वाटाण्याएवढे काही फोड होते. फायबरला पाणी लागत नाही असा समज आहे, तो पूर्ण खरा नाही. वर्षानुवर्षे पाण्यात राहिलेल्या बोटीच्या कातडीतून पाण्याची वाफ सूक्ष्म रूपाने आत शिरते, आतल्या रसायनाशी तिची क्रिया होऊन आम्लासारखा द्रव साचतो आणि कातडी फुगते. सर्व्हेअरने एक फोड टोचला. बाहेर आलेल्या थेंबाला शिर्क्यासारखा वास होता. पण तो म्हणाला, "हे वयाचे आहे. भीती नाही, खर्च थोडा आहे." कण्याची पट्टी वाळूवर ओढून ओढून झिजली होती, तेही त्याने नोंदविले आणि पुढे सरकला.

पिछाडीपाशी मात्र तो थांबला तो पाऊण तास. इंजिन जिच्यावर टांगलेले असते ती मागची आडवी भिंत आतून बहुधा प्लायवूडची असते, बाहेरून फायबर चढविलेले. शंभर किलोंहून जड इंजिन आणि त्याचा रेटा, दोन्ही तिनेच सोसायचे. त्या भिंतीवर हातोडी टणक वाजेना. खडूची वर्तुळे एकमेकांत मिसळू लागली. त्याने इंजिनाच्या खालच्या टोकावर भार देऊन ते हलकेच दाबले आणि भाच्याला भिंतीच्या कडेला बोट ठेवावयास सांगितले. भिंत हलत होती. केसभर, पण हलत होती. मग विकणाऱ्याची रीतसर परवानगी घेऊन त्याने खालच्या बाजूचा एक स्क्रू काढला. भोकातून चहाच्या रंगाचे पाणी टिपटिप गळू लागले. दोन दिवस बोट उन्हात होती, आणि तरीही.

कारण क्षुल्लक होते. पूर्वी कोणीतरी मासे हुडकण्याच्या यंत्राचा तुकडा बसविण्यासाठी तेथे चार भोके पाडली, पुढे तो तुकडा काढला आणि भोके नुसत्या रंगाने बुजविली. त्या चार भोकांतून पाणी प्लायवूडमध्ये शिरले आणि लाकूड आतल्या आत कुजले. वर ताजा निळा रंग. भर लाटेत अशी भिंत फाटली तर इंजिन तिच्यासह निसटते आणि समुद्र मागच्या बाजूने थेट आत येतो. भाचा काही बोलला नाही. त्या बोटीत एका फेरीला किती माणसे बसतात याचा हिशेब तो मनाशी करीत असावा.

इंजिन निवाल्यावर तेही पाहिले. तिन्ही सिलिंडरांतला दाब निरनिराळा मोजला. आकडा किती यापेक्षा तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत की नाहीत हे महत्त्वाचे, एखादा दहा टक्क्यांहून खाली असेल तर पुढचे विचारावे. हे ठीक होते. खालच्या गिअरमधले तेल दुधाळ नव्हते, म्हणजे पाणी शिरलेले नव्हते. शेवटी बोट पाण्यात लोटून अर्धा तास चालवून पाहिली. एरवी सर्वांना हाच भाग खरी परीक्षा वाटतो. पण त्या अर्ध्या तासात ती बोट उत्तम चालली, एवढे सांगितले की पुरे.

ज्यांच्याकडे लाकडी होड्या आहेत त्या वाचकांसाठी दोन शब्द. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक प्राणी असतो. दिसतो अळीसारखा, पण कुळाने तो शिंपल्यांचा भाऊबंद. अगदी लहान असताना तो टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून आत शिरतो आणि आतच वाढतो. त्यामुळे फळी वरून धड आणि आतून चाळण झालेली, असे होते. तेथे टोच्याने तपासावे लागते, डोळ्यांवर भिस्त चालत नाही. आणि गंमत अशी की होडीचे लाकूड खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्याने अधिक कुजते, म्हणून वरचे तख्त, सांधे, बरगड्यांची टोके जेथे पाणी साचते ती ठिकाणे आधी पाहावीत. फळ्यांच्या सांध्यांतली कालापाती सुटली आहे काय, खिळे गंजून लाकूड काळे पडले आहे काय, हेही. मात्र जुनी म्हणजे टाकाऊ असे कोणी समजू नये. मुंबईच्या गोदीत मलबारी सागाचे बांधलेले 'ट्रिंकोमली' हे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात सोडले गेले. ते आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत आहे.

अहवाल आठ दिवसांनी आला, चौदा पानांचा, छायाचित्रांसह. दोषांचे त्याने तीन भाग केले होते : बोट पाण्यात घालण्यापूर्वी केलेच पाहिजे ते, वर्षाच्या आत करावे ते, आणि नुसते लक्षात ठेवावे ते. पहिल्या भागात एकच कलम होते, पिछाडीची भिंत. दुरुस्तीचा अंदाज दीड ते पावणेदोन लाख. अहवालाच्या शेवटी आपण काय पाहिले नाही हेही त्याने स्पष्ट लिहिले होते : जमिनीच्या फळ्यांखालची बंद जागा, पेट्रोलच्या टाकीची खालची बाजू. हे वाचून मेहुणे नाराज झाले, पैसे घेऊन वर पळवाटा कशाला म्हणून. आमचे मत उलट पडले. तोडफोड न करता जेवढे कळते तेवढेच सर्व्हेअर सांगू शकतो. जेथे तो "पाहिले नाही" म्हणतो तेथे आपण विचारावे, आणि जो सगळेच पाहिल्याचे सांगतो त्याच्या अहवालाला आम्ही बिचकू.

आम्ही अहवाल घेऊन विकणाऱ्याकडे गेलो. दुरुस्ती तुम्ही करून द्या अथवा दीड लाख उतरा, एवढेच म्हणणे. ते गृहस्थ संतापले नाहीत, दुखावले. "इतके बारीक पाहायचे तर नवीच घ्यावी माणसाने," असे म्हणून त्यांनी आम्हांला चहा पाजला आणि व्यवहार मोडला. भाचा महिनाभर मामाशी मोजकेच बोलत होता. पुढच्या वर्षी त्याने दुसरी बोट घेतली. त्याच सर्व्हेअरने तिच्यात अकरा दोष दाखविले, ते सर्व माहीत असून घेतली, आणि त्या अकरांचा खर्च किमतीतून वजा करून घेतली. विसार देताना पावतीवर लिहवूनही घेतले की तपासणीचा अहवाल समाधानकारक नसल्यास विसार परत करावा. ही एक ओळ लिहवून घेण्यास संकोच वाटतो खरा. वाटू द्यावा.

पण त्या पहिल्या बोटीची गोष्ट तेथे संपली नाही. सप्टेंबरअखेर, हंगामाच्या तोंडावर, भाच्याने बातमी आणली की ती विकली जात आहे. घेणारा सत्तरीचा, आखातात पंधरा वर्षे काढून परतलेला. त्यालाही तेच दोन कागद दाखविले होते. पिछाडीवर रंगाचा आणखी एक हात फिरला होता.

अहवाल आमच्या कपाटात होता. घरात त्यावरून दोन दिवस वाद झाला. "मामा, आपण कशाला पडायचे त्यात? एकाच धक्क्यावर वावरायचे आहे मला," हे भाच्याचे म्हणणे, आणि ते वावगे नव्हते. विकणाऱ्याचे आम्ही मीठ नसले तरी चहा प्यालो होतो. सर्व्हेअरला फोन केला. तो म्हणाला, अहवाल तुमचा, पैसे तुम्ही दिले, कोणाला दाखवावा हे तुम्ही ठरवा. मात्र त्यावर दुसऱ्याने विसंबून राहू नये, त्याला मी बांधील नाही. शेवटी पंधरा हजारांवर कुरकुरणारी अक्काच म्हणाली, "उद्या त्या बोटीत कोणाची पोरे बसतील ते तुम्हांला ठाऊक आहे का?" तिने स्वतः अहवालाची प्रत काढून आणली.

तो गृहस्थ आम्हांला धक्क्यावरच भेटला. आम्ही आमचे नाव सांगितले, प्रत त्याच्या हाती दिली आणि म्हटले, यावरही विश्वास ठेवू नका, तुमचा माणूस आणून तुम्ही तपासा. फक्त या पानावरची जागा त्याला दाखवा. त्याने ते पान उभ्याउभ्या दोनदा वाचले. छायाचित्रातल्या खडूच्या वर्तुळांवरून अंगठा फिरविला. मग समोर डुलणाऱ्या निळ्या बोटीकडे न पाहता त्याने आम्हांला विचारले, "एक लाख विसार दिलेला आहे. परत मिळेल काय?"

"पावती आहे?" आम्ही विचारले.

पावती नव्हती.